सावरीचं वळण

"रगत हाय ते," आनंदा म्हणाला, आणि अंगणातली माणसं एक पाऊल मागं सरली.

मी नुकतीच घरातून बाहेर येत होते. एका हातात उपकरणांची पेटी, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा. डब्यात भैरू शेलारांचे दोन डोळे होते. भैरू त्याच दिवशी पहाटे वारले होते, आणि आनंदा त्यांचा धाकटा भाऊ. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या गाडीखाली बघत होता. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, सारवलेल्या अंगणात, लाल थारोळं साचलं होतं आणि वरून त्यात अजून थेंब पडत होते.

"डोळं घरात काढल्यात, मग रगत हितं कसं?" एका म्हातारीने शहाणा प्रश्न विचारला.

"भुईनं दाखवलं," आनंदा म्हणाला. "मी म्हनत हुतो, मेल्या मानसाला हात लावू नगा."

"तेल आहे ते," मी म्हणाले. "स्टिअरिंगचं तेल. ते लालच असतं."

"लाल त्याल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्या दोन शब्दांत त्याने माझी सगळी डॉक्टरकी निकालात काढली.

खरं बोलत होते तरी मला घाम फुटला. मी तेव्हा कराडच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवी डॉक्टर होते. ही गाडी ट्रस्टला कुणा देणगीदाराने त्याची वापरून झाल्यावर दिलेली. धर्माची गाय आणि दात का गं नाय, अशातली गत. तिला पॉवर स्टिअरिंग होतं, आणि त्या काळात आम्हाला त्याचं फार अप्रूप होतं. बोटानं चाक फिरायचं. पण आमचे ड्रायव्हर मुल्लाचाचा कधीपासून सांगत होते की हिची स्टिअरिंगची रॅक गळतेय, दोन्ही टोकांची सिलं गेलीत, गाडी चार दिवस उभी करून ते काम करून घ्या. चार दिवस गाडीवाचून कोण राहणार? मग चाचा वरून तेल ओतायचे, खालून ते गळायचं, आणि आम्ही सगळे सुखात होतो.

त्या दिवशी चाचा भाचीच्या लग्नाला गेले होते, म्हणून मीच गाडी काढली होती. घाट उतरताना चाक जड झालं. डिकीतली बाटली ओतली, थोडं हलकं झालं, पुन्हा जड झालं. गावाच्या वरच्या शेवटच्या वळणावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंगने असा हिसका दिला की माझं उजवं मनगट मुरगळलं. डोळे काढण्याचं काम मी दात-ओठ खाऊन केलं होतं. आता ते मनगट चांगलं टम्म सुजलं होतं, आणि बाटलीत थेंब नव्हता.

"सरा, मला बगू द्या," मागून बाईचा आवाज आला.

हौसाबाई, भैरूंची बायको, भिंतीला हात लावत बाहेर आली. साठीची, शेलाटी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती थेंबांच्या आवाजाच्या रोखाने चालत गेली, उकिडवी बसली आणि तिने त्या लाल थारोळ्यात बोट बुडवलं. बोट चोळलं, नाकाशी नेलं.

"त्याल हाय," ती म्हणाली. "रगत असं घसरत न्हाय. आनंदा, तुझ्या भावाचं रगत असतं तर मी वळाकलं नसतं व्हय?"

पण आनंदाच्या पोटातलं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते आता ओठांवर आलं.

"मला एक सांगा डाक्टरीणबाई. घरात आमची वैनी आंधळी बसलीया. आन् दादाचं डोळं गावाला? द्यायचंच तर हिला लावा की. मी सोता गाडी ढकलत न्हेतो."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मला वाटलं, आता हिला सर्वांसमोर सांगावं लागणार. मी मनाशी शब्द जुळवत होते: मृताच्या डोळ्याची फक्त पुढची काच बसवता येते, पण मघाशी घरात मी पाहिलं, या मावशींची काच चांगलीच आहे, मागची शीर सुकली आहे, काचबिंदूने.

"तिला कशाला इचारतोस?" हौसाबाई म्हणाली. "मला ठाव हाय ते. तुझ्या दादानं मला मिरजेला न्हेलं हुतं, पुन्याला न्हेलं हुतं. माजी वात जळून गेलीया, आता नवी काच घालून कंदील पेटायचा न्हाय. त्यांनी तवाच ठरीवलं, आपलं डोळं देनार म्हनून. मी शबुद दिलाय."

"पुढच्या जल्मी आंधळा येईल त्यो."

"आला तर येऊ दे. मी हाय की."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले.

माझ्यापुढचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. दवाखान्यात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी सकाळपासून उपाशीपोटी झोपवून ठेवली होती. ऊस तोडताना पात लागून तिच्या बुबुळावरची काच सडली होती, आणि ती कुठल्याही क्षणी फुटण्याच्या बेतात होती. तिचा दुसरा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. होता तो एवढाच. पुण्याहून आलेले सर्जन तिच्यासाठीच थांबले होते आणि संध्याकाळी परत जाणार होते. दुकानातल्या फोनवरून मी दवाखान्याला कळवलं. तिकडून सांगितलं, अॅम्ब्युलन्स खिंडीपर्यंत येईल, खाली उतरून परत चढायला वेळ नाही, तुम्ही काहीही करून खिंड गाठा.

म्हणजे घाट चढायचा. तेलाशिवाय, एका हाताने. गावात एकच जीप, वडापाची, प्रवासी भरून नेणारी. ती भैरूंच्या मुलीला आणायला खिंडीतल्या एसटीच्या थांब्यावर गेलेली. मुलगी आल्याशिवाय प्रेत उचलायचं नाही असं ठरलं होतं. तरणी माणसं सरणाची लाकडं आणायला रानात पांगली होती. मी आनंदाला म्हटलं, "तुम्ही शेजारी बसा, वळणावर फक्त चाक ओढू लागा."

"त्या डब्यासंगं मी बसनार न्हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. भीती होती.

"मी येते," हौसाबाई म्हणाली.

बायकांनी गिल्ला केला. आजच्या दिवशी, घरात मढं असताना, हिनं उंबऱ्याबाहेर पडायचं? एकीने तिचा पदरच धरला.

"ते थांबत्याल," हौसाबाईने पदर सोडवून घेतला. "त्यास्नी आता कसली घाई हाय?"

मग माझ्याकडे तोंड करून तिने हळूच विचारलं, "कुनी वाट बघतंया का डोळ्याची?"

आम्ही असं काही सांगायचं नसतं. मी सांगितलं. "एक मुलगी आहे मावशी. आज नाही झालं तर डोळा जाईल तिचा."

"मग चल की. हुबी काय ऱ्हायलीस?"

मी डबा पुढच्या सीटखाली ठेवायला लागले, तर ती म्हणाली, "पायापाशी न्हाय." तिने घरातून भैरूंचा पटका मागवला, मागच्या सीटवर डबा ठेवून तो पटक्याने चाचपडत बांधला, आणि माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. तिला दार लावता आलं नाही. ते बाहेरून आनंदाने लावलं.

गाडी सुरू केली तसा कोरडा पंप केकाटायला लागला. पहिल्याच चढावर मी डाव्या हाताने चाक ओढलं, ते जेमतेम हललं.

"जात्यावर बसलीस कवा?" हौसाबाईने विचारलं.

"नाही मावशी."

"मग आज बस. माजा हात धर आन् कुठं लावायचा त्यो लाव."

मी तिचे दोन्ही हात चाकाच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवले. तिने ते वर-खाली चाचपून पाहिलं, जागा पक्की केली. "खुंटा मोठा हाय वाईच," ती म्हणाली. "आता ऐक. उजवीकडं वळायचं तवा तू वढ, मी लोटीन. डावीकडं मी वढीन, तू लोट. दोगींनी एकदम जोर केला तर जातं आडतं. एकीनं वढायचं, दुसरीनं सोडायचं न्हाय. आन् मला दिसत न्हाय, तवा तू सांगायचं."

"आणि वळण किती मोठं आहे ते?"

"ते मला ठाव हाय. घाट आमचा हाय ह्यो."

तेव्हा मला कळलं की भैरू शेलार हे या घाटाचे मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, ढासळलेले कठडे रचायचे, असं सगळं आयुष्य त्यांनी त्या रस्त्यावर काढलं होतं. बायकोचे डोळे गेल्यापासून तिला घरात एकटी सोडायला नको म्हणून ते तिला रोज बरोबर न्यायचे, कुठल्यातरी झाडाखाली बसवायचे आणि काम करता करता बोलत राहायचे.

"काय बोलायचे?"

"दिसंल ते. त्येच तर."

पहिलं वळण डावं होतं. मी "आलं" म्हणाले आणि हौसाबाईने श्वास सोडत चाक खाली ओढलं. माझ्या डाव्या हाताने मी उजवी बाजू वर लोटली. गाडी वळली. मला इतकं नवल वाटलं की मी चाक परत सरळ करायचं विसरले, तेही तिनेच ओळखलं आणि हात सैल सोडले. दुसरं वळण उजवं. मी ओढलं, तिने लोटलं. तिसऱ्या वळणापर्यंत आमचा ठेका जमला. पंप रडत होता, रबर जळल्याचा वास येत होता, आणि त्या वासात आम्ही दोघी एका खुंट्याला हात घालून दळत चाललो होतो.

"काय दिसतंया?" तिने विचारलं.

"डोंगर," मी म्हणाले.

"अगं, डोंगर तर असनारच. पळून का जातोय त्यो? कसा दिसतोया?"

मला काही सुचेना. रोज शंभर लोकांना 'काय दिसतंय' विचारणारी मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा तोंडात बोळा बसला. "हिरवा," मी म्हणाले. मग बघितलं तर तो मार्चमधला डोंगर अजिबात हिरवा नव्हता. "नाही मावशी, पिवळा आहे. मधे मधे काळे पट्टे आहेत जाळलेले."

"वणवा लागला आसंल. आता जरा बरं सांगतीयास."

मधल्या टप्प्यावर एक वळण आलं, ते मी उतरतानाच बघून ठेवलं होतं आणि तेव्हापासून त्याची धास्ती घेतली होती. एकदम उभा चढ, उजवीकडे काटकोनाहून जास्त वळलेला रस्ता, आणि डाव्या बाजूला कठडा नाही. आम्ही जोर लावला, चाक अर्ध्यावर अडलं. मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक दरीकडे. खाली कोयनेचं पाणी दिसत होतं आणि मधे काहीच नव्हतं. मी हँडब्रेक ओढला.

"हितं कठडा न्हाय," हौसाबाई शांतपणे म्हणाली. "ह्यांनी दोनदा बांधला. दोनदा पावसानं न्हेला."

"मावशी, मला नाही जमणार. आपण उतरू या. चालत जाऊ."

"चालत खिंडीत जायला सांज हुईल. पोरीचा डोळा जाईल म्हनलीस न्हवं? तुला दिसतंया म्हनून भ्या वाटतंया. मला बग, मला काय वाटतंय का?"

ती हसत होती. ज्या दिवशी नवरा गेला त्या दिवशी, दरीच्या तोंडावर, ती मला चिडवत होती. मी डॉक्टर म्हणून मोठमोठी माणसं पाहिली, पण इतकं धाडस आणि त्याच्याबद्दल इतकी बेफिकिरी मी पुन्हा कुठे पाहिली नाही. मी पाय परत क्लचवर ठेवला.

"वाईच मागं घे," ती म्हणाली. "मागं जाताना मी खाली वढते. गाडी हलाय लागली की मग वढायचं, हुबी असताना जातं बी फिरत न्हाय."

मी रिव्हर्स टाकला. गाडी वीतभर मागे सरकली आणि सरकता सरकताच आम्ही चाक फिरवलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. माझं दुखरं मनगटही मी चाकाला लावलं, कळ डोक्यापर्यंत गेली. शेवटी नाक रस्त्याकडे आलं आणि गाडी रडत-ओरडत वर चढली. मी मोठ्याने रडत होते हे मला बऱ्याच वेळाने कळलं. हौसाबाईने विचारलं नाही, मीही डोळे पुसले नाहीत.

वरच्या अंगाला रस्ता जरा रुंद झाला.

"आता सावरीचं वळान," ती म्हणाली. "रस्त्याच्या कडंलाच हाय सावर. ह्या दिसांत फुलती. बग, फुललीया का?"

मी पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक जुना बुंधा होता, जमिनीपासून हातभर, पावसापाण्याने काळा पडलेला. सावर तिथे कित्येक वर्षांत उभी नसावी. मला खोटं बोलायला जमत नाही, आणि तेव्हा तर विचार करायलाही सवड नव्हती.

"मावशी, झाड नाहीये. नुसता बुंधा आहे."

वळण आलं, मी ओढलं, तिने लोटलं. तिच्या हातांचा जोर तेवढाच होता. मला वाटलं, काय करून बसले मी. आजच्या दिवशी हिला हे सांगायला हवं होतं का?

"ठाव हाय मला," पुढच्या सरळ रस्त्यावर ती म्हणाली. "ह्यांनीच तोडली ती. रस्ता रुंद करायचा हुकूम आला हुता. मला लांब बसीवलं, पर कुऱ्हाडीचा आवाज येतोय की कानावर. रातच्याला जेवलं न्हाईत. इचारलं तर म्हनले, पोट बरं न्हाय."

"मग?"

"मग पुढल्या साली हितं आल्यावर म्हनले, हौसे, सावर फुललीया. मी म्हनलं, कशी फुललीया? म्हनले, लालभडक, पान दिसंना. पाखरं बसल्याती." तिने चाकावरचा एक हात सोडून पदराने तोंड पुसलं आणि हात परत जागेवर ठेवला. "तवापास्नं दर साली फुलती. ह्या साली म्हनले, आजून कळ्या हायत, फुलली की सांगतो."

गाडी पहिल्या गियरमध्ये चढत होती. मी त्या बुंध्याकडे आरशातून पाहत राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत.

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत? तुम्हाला माहीत आहे म्हणून?"

"कशाला? त्यास्नी दिसत हुती," हौसाबाई म्हणाली. "आन् ते सांगायचे म्हनून मला दिसत हुती. आंधळ्या बाईला आजून काय पायजे?"

खिंडीत अॅम्ब्युलन्स उभी होती. पलीकडे वडापाची जीपही होती, आणि जीपपाशी पिशव्या घेऊन उभी असलेली एक बाई आमची गाडी बघून धावत आली. ती भैरूंची मुलगी. आई तिथे, घाटमाथ्यावर, त्या गाडीतून उतरताना पाहून तिला काही कळेना. तिने आईला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. हौसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "थांब गं, आदी त्यास्नी वाटंला लावू दे."

मी मागच्या सीटवरून पटका सोडला आणि डबा काढला. अॅम्ब्युलन्सचा माणूस घाई करत होता. हौसाबाईने हात पुढे केले.

"एकदा दे माज्याजवळ."

मी डबा तिच्या हातांत ठेवला. त्याचा गार स्पर्श झाला तशी ती दचकली, मग तिने तो छातीशी धरला. तिच्या तळव्यांवर चाक ओढून ओढून फोड आले होते. तिने तोंड डब्याच्या अगदी जवळ नेलं, जात्याशी बोलतात तसं, आणि हळू आवाजात बोलली. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"ऐका. आता जिकडं जाल तिकडं सांगत बसू नगा. तिचं तिला दिसंल."

तिने डबा माझ्याकडे दिला, मुलीचा हात धरला आणि जीपकडे चालू लागली.

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. पट्टी काढली तेव्हा मी त्या मुलीसमोर बसले होते. तिच्या आईने तिला दाखवायला कायकाय आणून ठेवलं होतं, आणि आई बोट दाखवून बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात मी तिचा हात धरला आणि मानेनेच नको म्हटलं. मुलीने डोळा मिचमिचावला, पाणी पुसलं आणि उघड्या खिडकीकडे तोंड वळवलं. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली, आणि आम्ही कुणीच तिला काही सांगितलं नाही.